संगणकातील छायाचित्र : घेणे, कापणे आणि दाखविणे

आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत नियमाने बसणाऱ्या एका मुलीचा भरतीपरीक्षेचा अर्ज दोन वर्षांपूर्वी बाद झाला. मुलगी हुशार, सराव परीक्षेत चांगले गुण घेणारी, आणि वयाची अट तिला त्याच वर्षी संपत होती. कारण काय, तर 'छायाचित्र विहित नमुन्यात नाही.' फोटो तिचाच होता. परंतु झेरॉक्सच्या दुकानातील मुलाने तो आडवा ताणून चौकटीत कसाबसा बसविला होता, त्यामुळे चेहरा पसरट झाला होता आणि सहीच्या चौकटीत तर सहीपेक्षा कागदाची काळपट सावलीच जास्त दिसत होती. तो कागद घेऊन ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, हा फोटो माझाच आहे, मग चुकलं काय?" त्या वेळी आम्हाला तिला नीट उत्तर देता आले नाही.

पुढे अभ्यासिकेतील दोन मुलांनी मनावर घेतले. एक बी.सी.ए. करणारा, दुसरा पॉलिटेक्निकचा. अर्जासाठी फोटो घ्यावा, योग्य मापात कापावा, पडद्यावर दाखवून खात्री करावी आणि मगच साठवावा, एवढेच काम करणारी आज्ञावली त्यांनी लिहावयास घेतली, एक अभ्यासिकेतील संगणकासाठी आणि एक मोबाइलसाठी. आम्ही कला शाखेचे पदवीधर. आज्ञावलीतील ओळ न ओळ आम्हाला कळते असा आमचा दावा नाही. पण दर रविवारी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो, प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडले, आणि जे उमगले ते येथे सांगत आहोत. बराचसा भाग आमच्या चुकांचाच आहे, कारण हा विषय आम्ही चुकांतूनच शिकलो.

प्रथम छायाचित्र म्हणजे संगणकाच्या लेखी काय, ते पाहू. संगणकाला चेहरा दिसत नाही. त्याला दिसतो तो आकड्यांचा एक भला मोठा तक्ता. आपल्या जमाखर्चाच्या वहीत जशा उभ्या-आडव्या रेघांनी चौकोन पाडलेले असतात, तसे चित्राचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात तेथील उजेडाचा आकडा लिहायचा. या चौकोनाला पिक्सेल म्हणतात. अमेरिकेतील रसेल किर्श या संशोधकाने १९५७ साली आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो प्रथम अशा रीतीने संगणकात घातला. त्याची रुंदी १७६ पिक्सेल आणि उंचीही तेवढीच, म्हणजे सगळे मिळून एकतीस हजारांच्या आत चौकोन. पुढे १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी हातात धरता येईल असा डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे चित्र जेमतेम दहा हजार पिक्सेलचे होते आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आज विद्यार्थ्याच्या खिशातील साध्या फोनमध्येही १ कोटी २० लाख पिक्सेलचा, म्हणजे १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा असतो. रंगीत चित्रात प्रत्येक चौकोनात तीन आकडे असतात, तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान. बस्स, एवढेच. कापणे म्हणजे या तक्त्यातील काही ओळी व काही रकाने ठेवून बाकीचे टाकून देणे, आणि दाखविणे म्हणजे हा तक्ता पडद्यावरील चौकोनांशी जुळवून देणे.

हे काम किती जबाबदारीचे आहे, ते आम्हाला बँकेत काम करताना कळले होते. पूर्वी दुसऱ्या बँकेचा धनादेश वटविण्यासाठी तो कागदच क्लिअरिंग हाऊसमध्ये न्यावा लागे. रिझर्व्ह बँकेने चेक ट्रंकेशन पद्धत आणली, ती दिल्लीत २००८ मध्ये, चेन्नईला २०११ मध्ये आणि मुंबईला २०१३ मध्ये. तेव्हापासून कागद शाखेतच थांबतो आणि त्याचे चित्र पुढे जाते. एका धनादेशाची तीन चित्रे घेतली जातात : पुढील बाजूचे करड्या छटांतील एक, पुढील बाजूचेच निव्वळ काळे-पांढरे दुसरे, आणि मागील बाजूचे काळे-पांढरे तिसरे. करड्या छटांचे चित्र एका इंचात १०० ठिपके या मापाने आणि काळे-पांढरे २०० ठिपक्यांच्या मापाने. एकाच कागदाची अशी दोन प्रकारची चित्रे कशासाठी, असा प्रश्न आम्हाला सुरुवातीला पडला होता. करड्या चित्रात शाईच्या गडद-फिक्या छटा राहतात, खाडाखोड झाली असेल तर तिची शंका घेता येते. काळ्या-पांढऱ्या चित्रात अक्षरांची कड स्पष्ट राहते आणि फाइल लहान होते. सांगायचा मुद्दा असा की 'चांगला फोटो' अशी सरसकट वस्तू नसते, तो कशासाठी हवा आहे यावर त्याचे चांगलेपण ठरते. २००२ च्या दुरुस्तीने चलनक्षम दस्तऐवज कायद्यात अशा धनादेशाला स्थान मिळाले, म्हणजे चित्रावर विश्वास ठेवून पैसे देण्याची सोय झाली. अर्जावरील फोटोचेही तसेच आहे. तेथे तुम्ही नसता, तुमचे चित्र तुमच्या वतीने उभे असते.

आता आमच्या आज्ञावलीकडे येऊ. संगणकावरील आज्ञावली मुलांनी पायथन भाषेत लिहिली. वेबकॅममधून चित्र घेण्यासाठी ओपनसीव्ही नावाचा तयार संच आहे, कापण्यासाठी पिलो नावाचा, आणि खिडकी दाखविण्यासाठी टीकिंटर. तिन्ही फुकट मिळतात, हे महत्त्वाचे. पहिल्या रविवारी कॅमेरा लावला, बटण दाबले, आणि पडद्यावर सगळ्यांचे चेहरे निळे! निळा रंग आपल्याला प्रिय आहे हे खरे, पण चेहऱ्यावर नको. मुले घाबरली, कॅमेरा बिघडला असे त्यांना वाटले. कॅमेरा ठीक होता. ओपनसीव्ही प्रत्येक पिक्सेलमधील तीन आकडे निळा, हिरवा, तांबडा अशा क्रमाने देते, तर पिलो ते तांबडा, हिरवा, निळा असे समजून वाचते. कातडीतील तांबूस रंगाचा मोठा आकडा निळ्याच्या खात्यात जमा झाला होता. खाते क्रमांक उलटा वाचला तर पैसे भलत्याच माणसाकडे जातात, तसाच हा प्रकार. दोन रकान्यांची अदलाबदल करणारी एक ओळ लिहिली आणि चेहरे मूळ रंगावर आले.

दुसरी चूक याहून चमत्कारिक होती. चित्र खिडकीत ठेवले की काहीच दिसेना, कोरी जागा, चुकीचा संदेशही नाही. याचे कारण शोधायला मुलांचे दोन रविवार गेले. टीकिंटरमध्ये चित्र दाखविणाऱ्या पट्टीला चित्र दिले, तरी आज्ञावलीने त्या चित्राला स्वतःच्या नावे कोठेतरी धरून ठेवावे लागते. कोणीच धरून ठेवले नाही तर 'हे कोणाच्या उपयोगाचे नाही' असे समजून पायथन ते स्मृतीतून झाडून टाकते. चित्राला एक कायमचे नाव देऊन ठेवले की प्रश्न सुटतो. नवशिक्या विद्यार्थ्यांनी हे लिहून ठेवावे, कारण ही अडचण प्रत्येकाला एकदा तरी येते.

मोबाइलवरची गोष्ट वेगळी. तेथे फोटो घेण्याचे दोन मार्ग. आपल्या आज्ञावलीनेच कॅमेरा चालवायचा, त्यासाठी गुगलने २०१९ पासून कॅमेराएक्स हा संच उपलब्ध केला आहे. किंवा फोनमधील मूळ कॅमेऱ्याला विनंती करायची की 'बाबा रे, एक फोटो काढून दे.' मुलांनी सोपा म्हणून दुसरा मार्ग घेतला. फोटो आला, लहान चौकटीत सुरेखही दिसला, पण मोठा केला की धुरकट. बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि फोटो असा का? उत्तर असे की नुसती विनंती केली तर कॅमेरा केवळ एक लहानशी प्रतिमा, नमुन्यापुरती, परत पाठवितो. पूर्ण फोटो हवा असेल तर तो कोणत्या फाइलमध्ये ठेवायचा, ते ठिकाण आधीच सांगावे लागते. हे ठिकाण सांगण्याचीही रीत आहे. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून फाइलचा सरळ पत्ता दुसऱ्या अ‍ॅपला देता येत नाही, फाइलप्रोव्हायडर नावाच्या मध्यस्थामार्फत तात्पुरती परवानगी द्यावी लागते. आणि आपले अ‍ॅप स्वतः कॅमेरा वापरणार असेल, तर २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून वापरणाऱ्याला ऐन वेळी विचारून त्याची संमती घ्यावी लागते. आम्हाला ही अट योग्य वाटते. कोणाचाही फोटो त्याला विचारल्याशिवाय काढू नये.

स्वस्त फोनवर आणखी एक त्रास झाला. कॅमेरा उघडला की मागे राहिलेले आमचे अ‍ॅप फोनच बंद करून टाकी, कारण स्मृती अपुरी. परत आल्यावर अ‍ॅप नव्याने सुरू होई आणि फोटो कोठे ठेवला हेच विसरून जाई. फाइलचे ठिकाण कॅमेऱ्याकडे जाण्यापूर्वीच जपून ठेवले, तेव्हा हे थांबले. आपल्या वस्तीतील बहुतेक मुलांकडे असेच फोन आहेत, म्हणून आज्ञावली महागड्या फोनवर चालली यावर समाधान मानू नका, सर्वांत साध्या फोनवर ती तपासा.

स्मृतीचा हिशेब एकदा समजून घेण्यासारखा आहे. फोनमध्ये साठविलेला फोटो तीन-चार एम.बी.चा दिसतो, कारण तो आवळून ठेवलेला असतो. पडद्यावर दाखविण्यासाठी तो उलगडावा लागतो, आणि उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला चार बाइट जागा लागते. ४००० गुणिले ३००० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. चारने गुणले की सुमारे ४८ एम.बी. असे तीन-चार फोटो एकदम उघडले की अ‍ॅप कोसळते. उपाय सोपा आहे. आधी चित्र न उलगडता फक्त त्याची लांबी-रुंदी विचारायची, मग 'दर चार पिक्सेलमागे एक' अशा हिशेबाने लहान करूनच ते उघडायचे. १००० गुणिले ७५० चे चित्र होते आणि जागा लागते अवघी ३ एम.बी. पडद्यावर पाहण्यास तेवढे पुष्कळ झाले. मात्र शेवटी कापायचे ते मूळ चित्रातूनच, या लहान प्रतीतून नव्हे. आणि त्यासाठी मूळ चित्राचा हवा तेवढाच तुकडा उलगडण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे.

फोटो आडवा पडण्याचा अनुभव तर सर्वांनाच आहे. फोन उभा धरून फोटो काढला आणि संगणकावर माणूस झोपलेला! कॅमेऱ्यातील संवेदक आडवा बसविलेला असतो. फोन उभा धरला तरी तो आडवेच चित्र लिहितो आणि फाइलच्या माथ्यावर एक टीप ठेवतो की, 'दाखविताना वळवून दाखवा.' या टिपेसाठी १ ते ८ असे आकडे ठरलेले आहेत. १ म्हणजे जसे आहे तसे, ६ म्हणजे घड्याळाच्या दिशेने पाव वळण. जी आज्ञावली टीप वाचते ती नीट दाखविते, जी वाचत नाही ती झोपवून दाखविते. आमच्या आज्ञावलीने सुरुवातीला दाखविताना टीप वाचली आणि कापताना वाचली नाही, त्यामुळे चौकट चेहऱ्यावर ठेवली तरी कापून हाती आली भिंत आणि पंख्याचे एक पाते. तेव्हापासून नियम केला : चित्र हाती आले की सर्वांत आधी वळवून सरळ करायचे, टीप पुसून टाकायची, आणि पुढचे सगळे काम त्या सरळ चित्रावर.

आता कापण्याचे मुख्य गणित. हे गणित शाळेतल्या त्रैराशिकाएवढेच आहे, पण चुका येथेच सर्वांत जास्त होतात, म्हणून सावकाश पाहू. पडद्यावर आपण पाहतो ते लहान केलेले चित्र असते. बोटाने आखलेली चौकट पडद्याच्या मापात असते; कापायचे मात्र मूळ चित्र. समजा मूळ चित्र ३००० पिक्सेल रुंद आणि ४००० उंच आहे, आणि पडद्यावरील जागा ६०० गुणिले ६०० ची आहे. उंची पूर्ण मावायला हवी, म्हणून प्रमाण ६०० भागिले ४०००, म्हणजे ०.१५. या प्रमाणात रुंदी होते ४५०. जागा ६०० ची, चित्र ४५० चे, उरले १५०. म्हणून डावीकडे ७५ आणि उजवीकडे ७५ अशी कोरी पट्टी राहते. आता विद्यार्थ्याने चौकटीचा वरचा डावा कोपरा पडद्यावर डावीकडून १८० आणि वरून १२० या ठिकाणी ठेवला. मूळ चित्रातील जागा काढायची तर आधी कोरी पट्टी वजा करावी : १८० वजा ७५ म्हणजे १०५, भागिले ०.१५, उत्तर ७००. वरून पट्टी नाही, म्हणून १२० भागिले ०.१५ म्हणजे ८००. चौकटीची रुंदी पडद्यावर २४० असेल, तर मूळ चित्रात १६००.

उंची मात्र विद्यार्थ्याच्या मर्जीवर सोडायची नाही. बँकांच्या भरतीपरीक्षा घेणाऱ्या आय.बी.पी.एस.च्या गेल्या काही वर्षांच्या जाहिरातींत फोटोसाठी २०० गुणिले २३० पिक्सेल हे माप दिलेले आढळते. म्हणजे रुंदी १६०० तर उंची १८४०. पडद्यावर ती २७६ होते. आज्ञावलीने चौकट याच प्रमाणात बांधून ठेवावी, एक बाजू ओढली की दुसरी आपोआप वाढावी. असे केले की नंतर १६०० गुणिले १८४० चा तुकडा बरोबर आठपट लहान करून २०० गुणिले २३० चा होतो आणि चेहरा पसरत नाही. आमच्या त्या मुलीच्या फोटोत नेमके हेच झाले नव्हते. दुकानातल्या मुलाने कापले नाही, चित्र नुसते दाबून मापात बसविले. माप बरोबर, माणूस चुकीचा! कोरी पट्टी वजा करण्यास आमची मुलेही एकदा विसरली होती, तेव्हा प्रत्येकाचा एक कान कापला जाई. आणि चौकट चित्राच्या बाहेर गेली तर तिला कडेला थांबविणेही आवश्यक आहे, नाहीतर बाहेरचा भाग काळा येतो.

दाखविण्याचे प्रकार थोडक्यात सांगतो. चौकटीच्या आत चित्र पूर्ण मावेल असे लहान करणे हा एक प्रकार, यात कडेला कोरी जागा राहते पण काही कापले जात नाही. अँड्रॉइडमध्ये याला फिटसेंटर म्हणतात, विंडोजच्या पिक्चरबॉक्समध्ये झूम. चौकट पूर्ण भरेल असे मोठे करून बाहेर आलेला भाग झाकून टाकणे हा दुसरा, सेंटरक्रॉप. आणि तिसरा ताणून बसविणे. हा तिसरा प्रकार माणसांच्या फोटोसाठी कधीही वापरू नये. सेंटरक्रॉपमध्ये एक फसगत आहे : झाकलेला भाग दिसत नाही, परंतु फाइलमध्ये तो असतोच. पडद्यावर ठीक दिसले म्हणून कापले गेले असे समजू नये.

फाइलच्या वजनाबद्दल विद्यार्थी सर्वांत जास्त विचारतात. वर सांगितलेल्या जाहिरातींत फोटो २० ते ५० के.बी. आणि सही १० ते २० के.बी. असे बंधन असते. जेपेग या १९९२ च्या पद्धतीत चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे तुकडे करून डोळ्याला फारशी न जाणवणारी बारीक माहिती वगळली जाते. किती वगळायची ते आज्ञावलीला एका आकड्याने सांगता येते. आमची आज्ञावली ९५ पासून सुरुवात करते, वजन तपासते, ५० च्या वर असेल तर आकडा पाचाने उतरविते आणि पुन्हा तपासते. गंमत अशी की २०० गुणिले २३० च्या चित्रात उलटीच अडचण जास्त येते, वजन २० च्याही खाली जाते, मग आकडा वाढवावा लागतो. जेपेग पुन्हा पुन्हा उघडून साठविले की प्रत्येक वेळी थोडे गमावते. म्हणून व्हॉट्सॲपवरून चार जणांकडून फिरून आलेला फोटो अर्जाला लावू नका, मूळ फोटो आणा.

सहीसाठी आम्ही बँकेतील काळ्या-पांढऱ्या चित्राची युक्ती वापरली. कोऱ्या कागदावर काळ्या शाईने केलेली सही मोबाइलने टिपली की हाताची सावली कागदावर पडतेच. चित्र करड्या छटांत करून एक सीमारेषा ठरवायची, तिच्यापेक्षा गडद ते काळे, फिके ते पांढरे. सबंध कागदाला एकच सीमा लावली तर सावलीचा कोपरा काळाठिक्कर होतो. त्या मुलीच्या सहीचे असेच काहीसे झाले असावे. म्हणून प्रत्येक भागाची सीमा आजूबाजूच्या उजेडावरून ठरविण्याची रीत ओपनसीव्हीमध्ये आहे, ती लावली. सही ठळक अक्षरे सुटी काढून, म्हणजे इंग्रजी कॅपिटलमध्ये करू नये, ती चालत नाही. हा दोष मात्र आज्ञावली सुधारू शकत नाही.

आता ज्या गोष्टीने आम्ही खरे अस्वस्थ झालो, ती सांगतो. मुलांनी उत्साहाने चेहरा आपोआप शोधून चौकट ठेवण्याची सोय केली. २००१ मध्ये पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी मांडलेली पद्धत ओपनसीव्हीमध्ये तयार मिळते. ती डोळ्यांचा भाग गालांपेक्षा गडद, नाकाचा दांडा बाजूपेक्षा उजळ, अशा उजेड-अंधाराच्या फरकावर चेहरा ओळखते. सायंकाळी अभ्यासिकेच्या ट्यूबलाइटखाली आम्ही रांग लावली. उजळ वर्णाच्या मुलांचे चेहरे पटापट सापडले. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या मुलांपुढे चौकट हलेचना. एका मुलाला तर तीनदा पुढे-मागे सरकून उभे राहावे लागले. तो हसला, बाकीचेही हसले. आम्हाला हसू आले नाही.

नंतर वाचले तेव्हा कळले की हे केवळ आमच्याच खोलीत घडलेले नाही. पाश्चात्त्य देशांत रंगीत फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळा पूर्वी रंग जुळविण्यासाठी कोडॅकचे एक नमुना-कार्ड वापरीत, त्यावर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. तिची त्वचा बरोबर आली की यंत्र बरोबर! २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि तिमनित गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक स्त्रियांनी, चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के, काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. २०२० मध्ये ट्विटरची आपोआप कापणारी आज्ञावली गोऱ्या चेहऱ्यांना झुकते माप देते असे वापरणाऱ्यांनीच दाखवून दिले. कंपनीने तपासणी केली, फरक आढळला, आणि २०२१ मध्ये मोबाइलवर चित्र आपोआप कापण्याऐवजी पूर्ण दाखविणे सुरू केले. यंत्राला द्वेष नसतो हे खरे. परंतु त्याला शिकविताना कोणाचे फोटो दाखविले आणि तपासताना कोणाला समोर उभे केले, हे माणसेच ठरवितात. शाळेत शेवटच्या बाकावर बसविलेल्यांच्या नातवंडांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आमच्यापुरता उपाय आम्ही असा केला. पहिली गोष्ट उजेडाची. फोटोसाठी पांढरी पार्श्वभूमी मागतात. कॅमेरा सबंध दृश्याचा सरासरी उजेड मध्यम करू पाहतो. मागे पांढरी भिंत असली की 'फार उजेड आहे' असे समजून सगळेच गडद करतो आणि सावळा चेहरा आणखी काळवंडतो. म्हणून मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे, म्हणजे कॅमेरा उजेडाचे माप चेहऱ्यावरून घेतो, भिंतीवरून नाही. दिवा डोक्यावर नको, समोर आणि किंचित वर हवा; सकाळी खिडकीकडे तोंड करून बसले तर दिवाही लागत नाही. दुसरी गोष्ट, आपोआप ठेवलेली चौकट ही फक्त सूचना मानायची, ती हाताने हलविता येईल आणि चेहरा न सापडला तरी काम अडणार नाही, अशी सोय आज्ञावलीत ठेवली. तिसरी, प्रत्येक बदलानंतर आधी त्या तीनदा उभ्या राहिलेल्या मुलाचा फोटो घेऊन पाहायचा. त्याच्यावर चालले की बाकीच्यांवर चालते, असा आमचा आजवरचा अनुभव आहे.

याच संदर्भात फोटो स्टुडिओतील एका सवयीबद्दल लिहिणे भाग आहे. "थोडा गोरा करून देऊ का?" असे तेथे सहज विचारतात, आणि आपलीच मुले हो म्हणतात. फोनमधील सुंदर दिसण्याच्या सोयीही तेच करतात. अर्जावरील फोटो परीक्षेच्या दिवशी समोरच्या चेहऱ्याशी पडताळून पाहिला जातो. उजळ केलेला, गाल घासलेला फोटो तेथे जुळला नाही तर काय होईल, याचा विचार करावा. आमच्या आज्ञावलीत उजेड सुधारण्याची पट्टी आहे, वर्ण बदलण्याची नाही. एकाने ती मागितली होती, मुलांनी नकार दिला.

हे सर्व चालू असताना विहारातील जुना समूहफोटो स्कॅन करण्याचे काम निघाले. चौकट फुटली होती, वाळवी लागण्याची भीती होती. स्कॅन झाल्यावर, स्मरणिकेच्या पानात बसावा म्हणून कोणीतरी तो दोन्ही बाजूंनी कापला. पान सुरेख दिसू लागले. तेवढ्यात एका वयस्क उपासिकेने चष्मा पुसून विचारले, "माझी आई कुठं गेली?" तिची आई उजव्या कडेला, कडेवर मूल घेऊन, अर्धवट बाहेर उभी होती. मधल्या खुर्च्यांवर पदाधिकारी, कडेला उभ्या बायका आणि पोरे. कापायचे म्हटले की कात्री आधी तिकडेच जाते. मूळ स्कॅन जपून ठेवला होता म्हणून ती परत आली. आता फोटो पूर्ण आहे, पानावर वर-खाली कोरी जागा सुटली आहे, ती तशीच राहू दिली. आणि आज्ञावलीतही तेव्हापासून मूळ चित्रावर काहीही लिहिले जात नाही. कापलेली प्रत वेगळ्या नावाने, तारखेसह साठते, मूळ तसेच राहते. विद्यार्थ्यांच्या फोटोंचे मात्र वेगळे. ते त्यांचे खाजगी आहेत, म्हणून अर्ज भरून झाल्यावर विद्यार्थ्याला प्रत देऊन संगणकावरील मूळ आणि कापलेले दोन्ही फोटो त्याच्यासमोर पुसले जातात.

त्या मुलीला पुढे दुसऱ्या एका परीक्षेसाठी वयात बसता आले. तिचा फोटो सकाळी नऊ वाजता खिडकीपाशी बसवून घेतला, सही तिसऱ्या प्रयत्नात नीट आली, आणि अर्ज स्वीकारला गेला. परीक्षेचा निकाल हे लिहीपर्यंत लागलेला नाही.

अभ्यासिकेतील संगणकावर ही आज्ञावली रविवारी बुद्धवंदनेनंतर दुपारी एकपर्यंत वापरता येते. येताना कोरा पांढरा कागद, काळ्या शाईचे पेन आणि ज्या परीक्षेचा अर्ज भरायचा तिची जाहिरात सोबत आणावी, कारण प्रत्येक ठिकाणची मापे निराळी असतात आणि काही परीक्षांना आता अर्ज भरतानाच समोर बसून फोटो द्यावा लागतो. गडद रंगाचा सदरा घातल्यास पांढऱ्या पार्श्वभूमीवर खांदे स्पष्ट दिसतात. ज्यांना आज्ञावली शिकायची असेल त्यांनी त्या दोन मुलांना भेटावे. ते चुकांची वहीसुद्धा दाखवितात.